दूरच्या भविष्यातील वेळ आणि संगणक: काही गैरसमज

युनिक्स आणि तिच्यापासून घडलेल्या संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक समन्वित वेळेनुसार, लोटलेले सेकंद मोजून वेळ नोंदवतात. ही संख्या ३२ बिटांत साठवली आणि त्यांतील एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखला, की तिची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ ठरते. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल आणि पुढच्याच सेकंदाला अशी मोजणी ऋण होऊन डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. त्या सकाळी जगभरचे संगणक एकदम ठप्प होतील, हा समज चुकीचा आहे, कारण बहुतेक आधुनिक प्रणाली ६४ बिटांकडे वळल्या आहेत. मात्र संकट त्याच दिवशी सुरू होईल हेही खरे नाही, कारण २० वर्षांच्या कर्जाचे हप्ते मांडणाऱ्या जुन्या प्रणालीला ही मर्यादा २०१८ मध्येच आडवी आली असणार.

६४ बिटांची मोजणी सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुरते, म्हणून प्रश्न कायमचा मिटला असे मानणे हा त्याहून खोल गैरसमज आहे. युनिक्सची मोजणी प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरते, तर पृथ्वीच्या अनियमित परिवलनाशी घड्याळ जुळवण्यासाठी १९७२ ते २०१६ या काळात २७ अधिक सेकंद, ज्यांना लीप सेकंद म्हणतात, घालण्यात आले. त्यामुळे दोन नोंदींची वजाबाकी म्हणजे प्रत्यक्ष लोटलेला काळ असेलच असे नाही. पृथ्वीची गती दूरवर वर्तवता येत नाही, आणि लीप सेकंदांची ही पद्धत २०३५ पर्यंत बदलण्याचा निर्णय २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर झाला आहे. मोजणीसाठी जागा कितीही वाढवली, तरी नियमांची ही अनिश्चितता कमी होत नाही.

सर्व वेळा जागतिक वेळेत बदलून साठवल्या की पुरे, हा सल्ला घडून गेलेल्या घटनांना लागू पडतो. पुढे ठरलेल्या कार्यक्रमाला नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेल्या मुंबई वेळेच्या जोडीला १९०६ मध्ये साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली आणि दुसऱ्या महायुद्धात देशाची घड्याळे काही वर्षे आणखी एक तास पुढे होती. असा बदल पुन्हा झाला, तर सकाळी दहाची ठरलेली सुनावणी लोकांच्या दृष्टीने दहाचीच राहील, पण आज सेकंदांत गोठवलेली नोंद चुकेल. म्हणून भविष्यातील वेळेच्या नोंदीत स्थानिक दिनांक, स्थानिक वेळ आणि ठिकाण हे मूळ मानावे, आणि सेकंदांची संख्या त्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार काढावी.