कांदिवलीच्या काळ्या स्फटिकांचा मागोवा

मालाड-कांदिवलीच्या टेकड्या फोडून मुंबईने आपली खडी मिळवली. सुरुंग उडाला की कधीकधी कातळातली पोकळी उघडी पडे. तिच्यात हिरवट प्रेहनाइट, कापसाच्या बोंडासारखा पांढरा ओकेनाइट आणि मध्येच काचेसारखे चमकणारे काळेभोर स्फटिक दिसत. हे काळे स्फटिक म्हणजे बॅबिंग्टोनाइट. कॅल्शियम आणि लोहाचं हे सिलिकेट जगात मोजक्याच ठिकाणी असं देखणं मिळतं.

त्याची पहिली नोंद १८२४ सालची, नॉर्वेतल्या आरेंडालची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने १९८१ मध्ये ते राज्याचं अधिकृत खनिज ठरवलं. त्याहून विरळा जुल्गोल्डाइट. स्वीडनच्या लाँगबान खाणीतून १९७१ मध्ये त्याचं वर्णन झालं, आणि तेही कांदिवलीच्या खाणीत मिळालं. आपल्या उपनगराला मात्र याचा पत्ताच नाही, हे मला लागतं.

पुणे-नाशिककडच्या दगडात अपोफिलाइट, स्टिल्बाइट ही खनिजं विपुल मिळतात. हे काळे स्फटिक तिथे क्वचितच. कारण इथल्या लाव्हाच्या वाटेत आहे. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी मुंबईच्या भागातला बराचसा लाव्हा उथळ पाण्यात शिरला आणि उशांसारख्या गोळ्यांनी थिजला. गोळ्यांमधल्या फटींतून शंभर अंशांच्या बरंच वर तापलेलं पाणी फिरत राहिलं. त्या उष्णतेत प्रेहनाइट, बॅबिंग्टोनाइट घडले. पाणी निवत गेलं तशी लॉमोंटाइटसारखी झिओलाइट गटातली खनिजं आली.

पाणी या सगळ्यांतच आहे. बॅबिंग्टोनाइटमध्ये ते हायड्रॉक्सिलच्या रूपाने रचनेत पक्कं बांधलेलं, म्हणून स्फटिक टिकतो. लॉमोंटाइटमधलं पाणी सैल. उघड्या हवेत ते निघून जातं आणि सुंदर स्फटिकाचा भुगा होतो. कित्येक नमुने असेच गेले.

भूशास्त्रज्ञ आर. एन. सुखेसवाला यांनी सहकाऱ्यांसोबत १९७४ मध्ये पश्चिम भारतातल्या दख्खनच्या कातळातील झिओलाइटांवर निबंध प्रसिद्ध केला. २००३ मध्ये जर्मन अभ्यासक बर्टहोल्ड ऑटेन्स यांनी अमेरिकेतल्या ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’मध्ये दख्खनच्या खनिजांचा मोठा आढावा घेतला. दरम्यान खाणी बंद पडत गेल्या, तिथे इमारती उठल्या. नवा नमुना आता एखाद्या पायाच्या खोदाईतच हाती लागेल.

जुन्या नमुन्यांवर पुष्कळदा नुसतं ‘बॉम्बे’ लिहिलेलं असतं. अभ्यासाला ते पुरत नाही. तुमच्या घरी खाणीतला असा दगड असेल, तर खाणीचं नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून ती त्याच्यासोबत ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला तो दाखवा.