अभ्यास सांभाळून वेबकॉमिक

वेबकॉमिक म्हणजे मोबाइलवर वाचण्यासाठी भागाभागांनी प्रसिद्ध होणारी चित्रकथा. कोरियात नेव्हर या कंपनीने २००४ साली वेबटून सुरू केले आणि बोटाने पडदा सरकवत वाचायची उभी मांडणी पुढे जगभर रुजली. छापखाना किंवा वितरक लागत नसल्याने शाळकरी मुलांनाही हे माध्यम आवाक्यातले वाटते. लागतो तो वेळ. आधी गोष्ट, मग चौकटींचा कच्चा आराखडा, पेन्सिल, शाई, रंग आणि शेवटी फुग्यांतली अक्षरे. वाचणाऱ्याचा भाग दोन मिनिटांत संपतो. काढणाऱ्याच्या कितीतरी संध्याकाळी त्यात गेलेल्या असतात.

बेळगाव-निपाणी भागात मराठी माध्यमाच्या मुलांना हा वेळ काढणे आणखी कठीण जाते. कर्नाटकची दहावी सहा विषयांची आणि ६२५ गुणांची. पहिली भाषा मराठी १२५ गुणांची, तिच्या जोडीला कन्नड आणि इंग्रजी. तीन भाषांचे हे ओझे गोष्ट रचणाऱ्याच्या मात्र कामी येते. कॉमिकमध्ये वर्णनाला जागा थोडी असते. माणूस उभा राहतो तो त्याच्या बोलण्यातून. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत असताना त्यांना भेटलेले रावसाहेब त्यांच्या ‘गणगोत’ या पुस्तकात आले आणि कानडी वळणाच्या मराठीसह वाचकांच्या मनात कायमचे बसले. ती बोली सीमाभागातल्या मुलांच्या कानावर रोज पडते. ती प्रमाण मराठीत धुऊन काढली, तर गोष्टीचा जीवच जाईल.

गोष्टीच्या विषयांसाठीही लांब जावे लागत नाही. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरे हे त्यांचे जग. इंदिरा संत यांनीही बेळगावात अध्यापन करतच कविता लिहिली. दिवसभराचे काम आणि लेखन एकत्र कसे नांदते, याचे दाखले शोधणाऱ्याला हे दोघे पुरेत.

चित्रांच्या बाबतीत या भागाचे भाग्य थोर आहे. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ साली निपाणीजवळच्या भोज गावचा. शब्दांवाचून हसवणारी त्यांची चित्रे नवख्या कॉमिककाराने पुन्हापुन्हा पाहावीत. संवाद न लिहिता चौकट किती सांगू शकते, हे त्यांत दिसते. त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली आणि रुक्ष समजला जाणारा विषय मुलांच्या जवळ आणला. तोच उपाय विद्यार्थ्याला उलट्या बाजूने करता येतो. इतिहासातला एखादा प्रसंग किंवा रक्ताभिसरण सहा चौकटींत मांडायचे, तर धडा आधी नीट समजावा लागतो. उजळणी होते आणि हातही चालतो. रंगकाम मात्र तिथे टाळावे, नाहीतर चित्र पुढे आणि धडा मागे.

वेळापत्रकाचा प्रश्न बराचसा कथेच्या आकारावर सुटतो. शंभर भागांची महागाथा दहावीच्या वर्षात हाती घेणे शहाणपणाचे नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आला, तो मोजक्या चौकटींत रोज एक प्रसंग पुरा करत. तसे छोटे, काळ्या-पांढऱ्या रंगातले भाग पंधरवड्याला एक या गतीने निभतात. चार-पाच भाग पूर्ण झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नये. चाचणी परीक्षा आली की ही शिल्लक उपयोगी पडते. शिलकीची भर दसऱ्याच्या आणि एप्रिल-मेच्या सुटीत घालावी. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत मालिका थांबवायची असेल, तर वाचकांना आधी सांगावे.

वाचन मात्र थांबवू नये. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि तिथे लेखक समोर भेटतात.

साधनांचा खर्च फारसा नाही. क्रिटा हे चित्रांचे सॉफ्टवेअर आणि मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. अक्षर मोठे ठेवावे, कारण वाचणारा लहान पडद्यावर वाचतो. कॉमिक प्रसिद्ध करण्यासाठीचे खाते घरच्या मोठ्यांना सांगून उघडावे. नाव टोपण असावे आणि शाळेचा गणवेश, पत्ता किंवा ओळखू येईल असा वर्गमित्र चित्रात येऊ देऊ नये.