किनारी व्यापारासाठी जहाजप्राप्ती (भारत)
देशातील एका बंदरातून दुसऱ्या बंदरात होणाऱ्या सागरी मालवाहतुकीस किनारी व्यापार म्हणतात. ब्रिटिश राजवटीत तो प्रामुख्याने ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होता. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीस त्यांच्या दरयुद्धाला तोंड द्यावे लागले. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय जहाजांसाठी राखण्यात आला.

मर्चंट शिपिंग कायदा, १९५८ मधील कलम ४०६ व ४०७ नुसार या व्यापारासाठी नौवहन महासंचालकांचा परवाना आवश्यक होता. जहाज विकत घेऊन भारतात नोंदविणाऱ्यास संरक्षण मिळे. विदेशी जहाज भाड्याने आणणाऱ्यास मात्र आधी भारतीय जहाजमालकांना त्याच दराने माल वाहण्याची संधी द्यावी लागे. २०१८ मध्ये आयात-निर्यातीच्या कंटेनरांसाठी सवलत देण्यात आली. २०२५ च्या किनारी नौवहन कायद्याने भारतीय जहाजांची सर्वसाधारण परवान्यातून सुटका केली. विदेशी जहाजांना परवाना लागतोच.