कृश बालकास स्नेह : केव्हा?

कृश बालकासाठी पालक घृतकल्प वा अवलेह मागतात, तेव्हा प्रथम अग्नीचा विचार करावा. आहारातील स्नेह हा पेशींच्या आवरणाचा घटक आहे. 'अ' जीवनसत्त्वाच्या शोषणासही तो आवश्यक असतो. हे जीवनसत्त्व उणे पडल्यास आतडे व श्वसनमार्ग यांची श्लेष्मलत्वचा दुर्बल होऊन व्याधिक्षमत्व घटते. तीव्र कुपोषणात थायमस ग्रंथी आक्रसते आणि जंतुसंसर्ग असूनही अनेकदा ज्वर दिसत नाही. बालक शांत वाटते, म्हणून पालक निर्धास्त राहतात.

अशा बालकास एकदम गुरु, स्निग्ध आहार पचत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २१ व्या अध्यायात, कृशासाठी लघु संतर्पण सांगितले आहे. आधुनिक उपचारातही आरंभी १०० मिलीत ७५ किलोकॅलरी देणारे पोषक दूध देतात. भूक परतल्यावरच १०० किलोकॅलरीचे अधिक स्निग्ध दूध योजतात.

म्हणून ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असल्यास, अथवा दोन्ही पावलांवर सूज असल्यास, केवळ अवलेहाची बाटली देऊन पाठवू नये. त्वरित रुग्णालयात वा पोषण पुनर्वसन केंद्रात धाडावे. चिकित्सालयात व औषधालयात मापनपट्टी अवश्य असावी.