गावाचे घर विकताना

खराडी हे मुळा-मुठा नदीकाठचे गाव. पूर्वी येथे ग्रामपंचायत होती. 1997 साली खराडी पुणे महापालिकेत आली. पंचायत गेली. तिची मालमत्ता महापालिकेकडे गेली. पण म्हणून ती कोणा साहेबांची झाली नाही. ती पूर्वीही लोकांची होती, आजही लोकांचीच आहे.

पुष्कळ गावांत पंचायतीची घरे असतात. काही भाड्याने दिलेली असतात. घर जुने होते. कौले फुटतात, भिंतीला ओल येते. भाडे थोडे आणि दुरुस्तीचा खर्च मोठा. मग कोणी म्हणतो, "विकून टाका, कटकट मिटेल!" विकणे नेहमीच वाईट नसते. पण घर एकदाच विकता येते. भाडे मात्र दर साल येते. म्हणून विचार आधी करावा.

विकण्याची रीत काय?

खेड्यासाठी 1958 चा ग्रामपंचायत कायदा आहे. सरपंच एकटा घर विकू शकत नाही. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी आधी घ्यावी लागते. मंजुरी नसेल तर विक्री कायद्याने टिकत नाही. तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही हाच नियम आहे.

महापालिकेसाठी 1949 चा कायदा आहे. आयुक्तांना घर विकायचे असेल, तर महापालिकेची मंजुरी लागते. कायद्याने दिलेल्या सवलती सोडल्या, तर किंमत बाजारभावाहून कमी चालत नाही.

असा नियम का? समजा, एका घराला बाजारात दहा लाख रुपये येतील. ते ओळखीच्या माणसाला सहा लाखांत दिले. मग चार लाख कोणाचे गेले? कोणी म्हणेल, "त्यात आमचं काय जातं?" अहो, तुमचेच जाते! त्या पैशांतून गावाची गटारे झाली असती, शाळेची दुरुस्ती झाली असती.

राहत्या भाडेकरूलाच घर विकले तर?

ब्रिटनमध्ये असे घडले. तेथील नगरपालिकांची पुष्कळ घरे होती. 1980 साली कायदा झाला. भाडेकरूंना आपले घर कमी किमतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. लाखो कुटुंबे घरमालक झाली. हे चांगले झाले. पण जेवढी घरे विकली, तेवढी नवी बांधली नाहीत. मागून आलेल्या गरिबांना घरे कमी पडली. शेवटी स्कॉटलंडने 2016 साली आणि वेल्सने 2019 साली हा हक्क बंद केला. म्हणून विचारावे, आलेल्या पैशांचे काय करणार?

घर घेणाऱ्याने काय पाहावे?

मंजुरीचा कागद पाहावा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. खरेदीखताची नोंदणी करावी. नुसत्या तोंडी शब्दावर किंवा साध्या कागदावर घर आपले होत नाही. घरात कोणी राहत असेल, तर त्याचा हक्क काय आहे, तेही आधी विचारावे.

माहिती कशी मिळवावी?

ग्रामसभेत उभे राहून विचारा. उत्तर मिळाले नाही, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा. अर्जाची फी दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मंडळी, आता आपल्याला वाचता येते. ठराव मागा, तो स्वतः वाचा. घर कोणते, किंमत किती, घेणारा कोण, हे नीट पाहा. मगच सही करा. आपल्या घराची राखण आपण करतो, तशीच गावाच्या घराचीही करू या.