माटोळी आणि स्थिरचित्र

चतुर्थीला पेडण्यातील घरी गणरायापुढे हात जोडले, की आमची दृष्टी नकळत वर माटोळीकडे वळते. लाकडी चौकटीला टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, लालभडक कवंडळे! एरवी परसात वा रानात ज्यांच्याकडे आपण पाहतही नाही, त्याच वस्तू येथे मनात भरतात. स्थिरचित्राचे आकर्षण याहून निराळे नाही.

हॉलंडच्या चित्रकारांनी सतराव्या शतकात या प्रकाराला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. त्यापूर्वी, १५९९च्या सुमारास, इटलीच्या काराव्हाज्जोने फळांची टोपली रंगविली. तिच्यातील सफरचंद किडके, पाने सुकत चाललेली. नाशवंताचे ते रूपच त्याने टिकवून ठेवले. आपल्याकडे ही विद्या १८५७ साली मुंबईत निघालेल्या जे. जे. कलाशाळेतून रुजली. तेथे शिकलेल्या, गोव्यातील साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझांनी तर चर्चमधील पूजापात्रे आपल्या स्थिरचित्रांत आणली.

माटोळी मात्र विसर्जनानंतर उतरते. तिची रानफळे पुरविणारी डोंगर-पठारेही पालटत आहेत. आमच्या तालुक्यातील मोपच्या पठारावर २०२३च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. म्हणून वाचकांना आमची एक विनंती: यंदा माटोळी उतरविण्यापूर्वी मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. एखादे कवंडळ जरी त्यांनी नीट न्याहाळून रेखाटले, तरी निदान त्याचे नाव व रूप त्यांच्या ओळखीचे राहील.