मोबाईल ॲप आणि रिअल-टाइम सर्व्हर यांची जोडणी : बीड जिल्ह्यातील वीज-इशाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

प्रस्तुत लेखात मोबाईल ॲप आणि क्षणोक्षणी बदलणारी माहिती देणारा सर्व्हर यांची जोडणी कशी होते, हे वीज कोसळण्याचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपच्या निमित्ताने विशद केले आहे. अशा यंत्रणेचा वेग केवळ सर्व्हरवर अवलंबून नसून सर्व्हर व भ्रमणध्वनी यांच्यामधील अखेरच्या दुव्यावर अवलंबून असतो, आणि इशारा न येणे म्हणजे धोका नसणे असे मानता येत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रिअल-टाइम सर्व्हर, मोबाईल ॲप, दामिनी, वीज-इशारा, बीड जिल्हा

प्रस्तावना

मराठवाड्यात एप्रिल ते जून या काळातील वळवाचा पाऊस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस बहुधा विजांच्या कडकडाटासह येतो. नेमक्या याच काळात बीड जिल्ह्यातील शेतकरी, शेतमजूर व मेंढपाळ उघड्या रानात असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस नांगरट, वखरणी व पेरणीची तयारी चालते. पावसाळ्याच्या अखेरीस सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. वीज थांबविता येत नाही. परंतु ती जवळ येत असल्याचे काही मिनिटे आधी कळल्यास माणसाला पक्क्या घराचा आसरा घेता येतो. या काही मिनिटांचा हिशेब हाच रिअल-टाइम जोडणीचा विषय होय.

१. माहितीचा उगम

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशाच्या विविध भागांत ८० हून अधिक संवेदकांचे जाळे उभारले आहे. वीज चमकताच तिच्यातून विद्युतचुंबकीय लहरी निघतात. या लहरी वेगवेगळ्या संवेदकांपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात आणि त्या क्षणांतील फरकावरून पुणे येथील मध्यवर्ती संगणक विजेचे स्थान निश्चित करतो. संस्थेच्या माहितीनुसार ही निश्चिती ५०० मीटरपेक्षाही कमी चुकीने होते.

ही अचूकता कशी साधते हे समजून घेणे उद्बोधक आहे. या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. म्हणजेच एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात त्या ३०० मीटर अंतर कापतात. संवेदकाचे घड्याळ तेवढ्याने चुकले तरी स्थाननिश्चितीत शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. म्हणून सर्व संवेदकांची घड्याळे उपग्रहाधारित वेळेशी जुळविलेली असावी लागतात.

‘दामिनी’ हे ॲप या जाळ्याची माहिती नागरिकांपर्यंत नेते. वापरकर्त्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना त्यातून मिळते. ढग ताशी ३० किलोमीटर वेगाने सरकत आहे असे गृहीत धरल्यास २० किलोमीटर अंतरासाठी त्याला ४० मिनिटे लागतील. याच हिशेबाने सूचना १० मिनिटे उशिरा आली, तर धोका ५ किलोमीटर जवळ आलेला असेल. संवेदकाने सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा हिशेब ठेवावा आणि पुढच्या प्रवासात १० मिनिटे वाया जावीत, असे घडता कामा नये.

२. विचारणे आणि कळविणे

ॲप व सर्व्हर यांच्या जोडणीच्या दोन मूलभूत पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत ॲप ठरावीक अंतराने सर्व्हरला ‘काही नवीन आहे काय?’ असे विचारते. ही पद्धत रचण्यास सोपी आहे. मात्र ॲप दर ५ मिनिटांनी विचारत असेल, तर सूचनेस ५ मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो. विचारणा दर मिनिटाला केली आणि १ लाख भ्रमणध्वनी जोडलेले असले, तर सर्व्हरला सेकंदाला सुमारे १,६६७ प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्यांपैकी बहुतेक उत्तरे ‘नाही’ अशीच असतात आणि प्रत्येक प्रश्नागणिक भ्रमणध्वनीची बॅटरीही खर्च होते.

दुसऱ्या पद्धतीत जोडणी उघडी राहते आणि नवीन घटना घडताच सर्व्हर स्वतःहून कळवितो. २०११ मध्ये प्रमाणित झालेला ‘वेबसॉकेट’ हा नियमसंच याच तत्त्वावर चालतो. ‘एमक्यूटीटी’ हा आणखी एक नियमसंच अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये, उपग्रहामार्फत तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी तयार केला. त्यातील संदेशाचे शीर्ष अवघ्या २ बाइटचे असू शकते. महागड्या आणि तुटक जोडणीसाठी जन्मलेला हा नियमसंच क्षीण नेटवर्क असलेल्या ग्रामीण भागासही उपयुक्त ठरावा, हे स्वाभाविक आहे.

ॲप बंद असतानाही सूचना यावी यासाठी अँड्रॉइड व आयफोन यांच्या निर्मात्यांच्या स्वतंत्र सूचना-सेवा असतात. प्रत्येक ॲपने आपली जोडणी स्वतंत्रपणे उघडी ठेवण्याऐवजी भ्रमणध्वनी एकच सामायिक जोडणी राखतो व तिच्यावरून सर्व ॲपच्या सूचना येतात. गूगलच्या अशा सेवेत एका संदेशाची मर्यादा साधारणतः ४ किलोबाइट आहे. विजेचे स्थान, वेळ व इशाऱ्याचा स्तर एवढे सांगण्यास ती पुरेशी आहे. नकाशा ॲपने स्वतः रेखाटावा.

३. जोडणी तुटते तेव्हा

वादळात वीजपुरवठा खंडित होणे आणि त्यापाठोपाठ मोबाईलच्या मनोऱ्याची सेवा मंदावणे ग्रामीण भागास अपरिचित नाही. याचा अर्थ असा की, इशाऱ्याची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी जोडणी तुटण्याची शक्यताही अधिक असते. अशा वेळी दोन गोष्टी आवश्यक ठरतात.

पहिली गोष्ट पुनर्जोडणीची. सेवा पूर्ववत होताच हजारो भ्रमणध्वनी एकाच क्षणी सर्व्हरकडे धाव घेतात व तो कोलमडू शकतो. म्हणून प्रत्येक अयशस्वी प्रयत्नानंतर थांबण्याचा अवधी वाढवीत न्यावा आणि त्यात थोडी यादृच्छिकता ठेवावी, अशी रीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वीज नसल्यामुळे नकाशा कोरा आहे की जोडणी नसल्यामुळे, हे वापरकर्त्यास ओळखता आले पाहिजे. यासाठी सर्व्हरने ठरावीक अंतराने ‘यंत्रणा सुरू आहे’ एवढाच लहान संदेश पाठवावा. तो न आल्यास ॲपने ‘शेवटची माहिती २ वाजून १० मिनिटांची, सध्या जोडणी नाही’ असे ठळकपणे दाखवावे. कोऱ्या नकाशावर विश्वासून रानात थांबलेल्या माणसाची फसगत ॲप नसलेल्या माणसापेक्षा अधिक होते, कारण तो आभाळाकडे पाहणेच सोडून देतो.

४. शिळा इशारा आणि झोपलेला भ्रमणध्वनी

गूगलच्या सूचना-सेवेत संदेशाची मुदत ठरविली नाही, तर तो चार आठवड्यांपर्यंत साठवून ठेवला जाऊ शकतो. बातमीसाठी हे सोयीचे असले, तरी वीज-इशाऱ्यासाठी घातक आहे. वादळ सरल्यानंतर तासाभराने आलेला इशारा दोन-तीनदा अनुभवास आला की माणूस पुढचा खरा इशाराही दुर्लक्षितो. म्हणून संदेशाबरोबर घटनेची वेळ व थोड्या मिनिटांची मुदत पाठविणे अनिवार्य मानावे.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून, न हलविलेला, पडदा बंद असलेला व चार्जिंगला न लावलेला भ्रमणध्वनी बॅटरी वाचविण्यासाठी निद्रावस्थेत जातो आणि ॲपचे पार्श्वभूमीतील काम लांबणीवर टाकतो. बांधावर पिशवीत ठेवलेल्या भ्रमणध्वनीची अवस्था हीच असते. उच्च प्राधान्याची खूण असलेले संदेश या अवस्थेतही पोहोचू शकतात. मात्र ती खूण सर्व्हरने करावी लागते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून तर नव्याने घेतलेल्या ॲपला सूचना दाखविण्यासाठी वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते. ती नाकारल्यास ॲप भ्रमणध्वनीत असूनही मुके राहते.

५. स्थानाचा प्रश्न

सर्व्हरला कोणास कळवावे हे ठरविण्यासाठी भ्रमणध्वनीचे स्थान ठाऊक असावे लागते. तालुकानिहाय नोंदणी हा त्यावरील सोपा उपाय वाटतो. परंतु बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. केज वा धारूर तालुक्याची नोंदणी असलेला मजूर सांगलीच्या फडात असेल, तर त्याला येणारे इशारे निरर्थक ठरतात. यास्तव प्रत्यक्ष स्थान वेळोवेळी कळविणे श्रेयस्कर आहे. त्याच वेळी स्थान ही खासगी माहिती असल्याने अचूक बिंदूऐवजी काही किलोमीटरची चौकट कळविली, तरी वीज-इशाऱ्याचे काम भागते.

६. ॲपच्या पलीकडे

ज्याच्याकडे साधा भ्रमणध्वनी आहे, त्याला ॲपचा थेट उपयोग नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ व्यवस्थेमार्फत विशिष्ट क्षेत्रातील भ्रमणध्वनींवर लघुसंदेश पाठविता येतात. मनोऱ्याच्या कक्षेतील भ्रमणध्वनींवर एकाच वेळी इशारा प्रसारित करणाऱ्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीच्या चाचण्या देशात २०२३ मध्ये झाल्या. या पद्धतीस ॲप, इंटरनेट वा स्थाननोंदणी लागत नाही. मात्र भ्रमणध्वनीत तशी सोय असावी लागते. हे मार्ग परस्परपूरक आहेत.

महाविद्यालयांनाही येथे वाव आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी एक छोटा सर्व्हर उभारून वेगवेगळ्या गावांत सूचना किती सेकंदांनी पोहोचते याचे मापन करू शकतात. भूगोल व समाजशास्त्र विभाग इशारा मिळाल्यावर लोक प्रत्यक्षात काय करतात याचा अभ्यास करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ॲप उतरवून देण्याबरोबरच स्थान व सूचनांची परवानगी सुरू आहे काय, हेही तपासता येईल.

निष्कर्ष

रिअल-टाइम हा एकट्या ॲपचा गुणधर्म नसून संवेदक, सर्व्हर, जाळे, भ्रमणध्वनी आणि माणूस या संपूर्ण साखळीचा गुणधर्म आहे. बीडसारख्या जिल्ह्यात या साखळीचे अखेरचे दुवे जपणे अधिक निकडीचे आहे. लहान संदेश, त्यावरील वेळ व मुदत, उच्च प्राधान्य, अद्ययावत स्थान आणि जोडणी तुटल्याची प्रामाणिक कबुली ही अशा ॲपची किमान पथ्ये होत. मेघगर्जना ऐकू आली की ॲपची वाट न पाहता झाडाखालून दूर होऊन पक्क्या घरात जावे आणि अखेरच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे तेथेच थांबावे, हा नियम मात्र कोणत्याही जोडणीवाचून चालतो. ॲपने या नियमाची जागा न घेता त्याच्या आधीची काही मिनिटे माणसाच्या पदरात टाकावीत, एवढीच अपेक्षा रास्त ठरते.